मामाचा उरलेला डोळा

वाजवणाऱ्याकडं बघताना माणसं त्याच्या हातांकडं बघतात. त्या रविवारी ओतूरच्या क्लबात जमलेले सगळे मामाच्या हातांकडंच बघत होते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. तसे हात आजूबाजूच्या दोन तालुक्यांत दुसरे नव्हते. मी मात्र सगळा वेळ त्याच्या काळ्या गॉगलच्या उजव्या काचेकडं बघत होते. त्या काचेमागं त्याचा उरलेला डोळा होता. डोळ्याला ताजे टाके होते. टाके उसवले असते तर मामा कायमचा आंधळा झाला असता.

डावा डोळा बऱ्याच वर्षांपूर्वी एका वरातीत गेला होता. मामा बँडमास्तर. नवऱ्याच्या घोड्यापुढं क्लॅरिनेट वाजवत चालला असताना कुणा उत्साही पाहुण्यानं बाटलीत न ठेवता हातातूनच सोडलेला फटाक्याचा बाण त्याच्या तोंडावर आला. मामानं डोळा मिटला आणि तसाच वाजवत राहिला. नवरा-नवरी दारात उतरली, गाणं संपलं, तेव्हा तो खाली बसला. वरातीतलं गाणं मधेच तुटलं तर जोडप्याचं बरं होत नाही, अशी लोकांची समजूत असते. मामाच्या घरानं धर्मांतराबरोबर शकुन-अपशकुन सोडून दिले होते, पण गिऱ्हाइकांनी सोडले नव्हते, आणि गाणं तोडणाऱ्या मास्तरला पुढच्या हंगामात कुणी सुपारी देत नसे. हळूहळू तो धंद्याचा नियम राहिला नाही, मामाचा स्वभावच झाला. रेडिओवरचं गाणं कुणी अर्ध्यात बंद केलं तर उरलेलं तो तोंडानं पुरं करायचा.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. मी ओतूरच्या कॉलेजात शिकवत होते आणि मामा-मामी डिंभ्याला राहत होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा ऑपरेशनला मीच त्याला नारायणगावला घेऊन गेले. त्या काळी डोळ्याला टाके घालत. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी समोर बसवून सगळं नीट सांगितलं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, खोकला आणि शिंक आवरायची, संडासला बसल्यावर जोर करायचा नाही.

"आणि तुमचं ते फुंकायचं वाद्य पूर्ण बंद. मी सांगेपर्यंत हातसुद्धा लावायचा नाही. फुंकताना डोळ्यावर दाब येतो. टाका सुटला तर आतलं बाहेर येईल."

"आतलं म्हंजी काय, डाक्टर?"

"डोळा."

मामानं मांडीवरच बोटं क्लॅरिनेटच्या बटणांवर असल्यासारखी हलवली. मग म्हणाला, "च्या फुकून प्याला तर चालंल का?"

"बशीत ओतून प्या."

अडचण अशी होती की क्लबाचं आमंत्रण ऑपरेशनच्या आधी येऊन पडलं होतं आणि मामानं ते घेतलंही होतं. हा क्लब म्हणजे एक कौलारू हॉल, एक व्हरांडा, दोन कॅरम बोर्ड आणि पत्त्यांची टेबलं. गावातले व्यापारी, पाटबंधारे खात्यातले साहेब, दोन-तीन डॉक्टर आणि एक निवृत्त मोठे अधिकारी हे त्याचे सभासद. निवृत्त अधिकारी अर्थातच अध्यक्ष होते. हुद्दा गेल्यावर माणसाला खुर्ची लागतेच, आणि खुर्चीला वर्षातून एखादा सत्कार लागतो. त्या वर्षी स्थानिक कलावंताचा सत्कार करायचं ठरलं होतं. सत्कारानंतर कलावंतानं वाजवून दाखवायचं. वेळ दुपारी चारची, कारण सात वाजता पत्ते बसायचे आणि त्याच्या आत कला आटोपायला हवी होती.

मी मामाला म्हटलं, "पुढं ढकलू. मी स्वतः सांगून येते."

"नगं."

"अरे, पण डोळा—"

"त्या हालीच्या भायेर मी किती लग्नं वाजवली आसतील, सांग बरं. त्या आवारातला नळ म्हाईत हाय, मागलं दार म्हाईत हाय, आमची पत्रावळ कुठं मांडायचे ती भिंत म्हाईत हाय. आत बसून वाजवायला आज बोलावलंय. उभ्यानं न्हाई, चालता चालता न्हाई. बसून." मग आवाज उतरवून म्हणाला, "फुकनार न्हाई मी. पेटी हाय, ढोलकी हाय, बेंजो हाय, हलगी हाय. हाताला तर टाकं न्हाईत ना घातलं?"

मी क्लबात सांगायला जायचा विचार सोडून दिला.

त्याला न्यायला मी आदल्या दिवशी डिंभ्याला गेले. मामी यायला तयार नव्हती. "म्या तिथं बसले तर भ्यानंच मरंन," म्हणाली. तिनं मामाचं क्लॅरिनेट पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली होती. मला चुलीपाशी बोलावून तिनं बजावलं, "त्येंना हाताची वाजवू दे, तोंडाची न्हाई. तू म्होरं बस. त्येंच्या डोळ्यावरनं नदर काढू नको. पानी आलं, लाल दिसला, की उठीव त्येंना. तिथं कोन का बसलेलं आसंना."

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला वाटत होतं की, भीती वाटण्यासारखी गोष्ट एकच आहे, क्लॅरिनेट, आणि ती कुलपात आहे. सत्कार नावाचा प्रकार किती धोक्याचा असतो हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

सुरुवात उदबत्तीनं झाली. मामाच्या खुर्चीजवळच अख्खा पुडा पेटवून ठेवला होता. धुराची एक रेघ सरळ त्याच्या नाकाकडं निघाली आणि मी श्वास धरला. शिंक आली तर? मी उठून तो पुडा उचलला आणि खिडकीत नेऊन ठेवला. सूत्रसंचालकांना वाटलं मी देव हलवला. त्यांनी माझ्याकडं रागानं पाहिलं आणि पुढची चारोळी म्हटली.

मग गुलाबदाणी आली. चांदीची, लांब मानेची. कुणा साहेबांच्या घरची असावी. ज्या गृहस्थांकडं ती होती, ते पाहुण्यांच्या अंगावर असं शिंपडत होते जणू कोथिंबिरीच्या वाफ्यावर पाणी मारतायत. मी मामाच्या पुढं आडवी उभी राहिले आणि सगळं गुलाबपाणी माझ्या तोंडावर घेतलं.

"ताई, तुमचाही नंबर येईल, थांबा," ते म्हणाले.

फेट्याचं मात्र मला काही करता आलं नाही. फेटा बांधणारा खास जुन्नरहून आणला होता आणि आपल्या कामाबद्दल त्याला अभिमान होता. तो मामाच्या मागं उभा राहिला, पीळ घातला आणि कचकन ओढला. मामाच्या कपाळाची कातडी वर सरकली. गॉगलही वर सरकला. क्षणभर मला खालून तो डोळा दिसला. ओला, तांबूस, सोललेल्या फळासारखा उघडा.

"सैल बांधा!" मी म्हणाले.

"सैल बांधला तर फेटा नाय राहत ताई, मुंडासं होतं."

अध्यक्षांचं भाषण लांबलं, पण भाषणानं डोळ्याला इजा होत नाही म्हणून मला ते गोड वाटलं. आयुष्यात एखाद्या अध्यक्षीय भाषणाविषयी मला असं वाटल्याची ही एकच वेळ. ते म्हणाले की, खरा कलावंत त्याच्या ऐटीवरून ओळखावा. आमच्या पाहुण्यांनी हॉलमध्ये बसूनही गॉगल काढलेला नाही, हीच ती ऐट. टाळ्या पडल्या. मामानं गॉगल नीट केला आणि हात जोडले.

मग तो वाजवायला बसला.

पेटीवर वाकायला लागू नये म्हणून मी आधीच ती उंच टेबलावर ठेवून घेतली होती. बाकीची वाद्यं हाताशी मांडली होती. शेजारी जुन्नरचे चाचा बसले होते. चाचांचं गाद्यांचं दुकान, आणि लग्नसराईत ते मामाच्या बँडमध्ये भोंगा, ते मोठ्या पितळी तोंडाचं वाद्य, वाजवत. बुटके, जाडजूड, डोक्यावर जाळीची टोपी. तीस वर्षं दोघं एकत्र वाजवत होते. बँडची सगळी वाद्यं चाचांच्या दुकानात, गाद्यांच्या थप्पीमागं असायची.

मामानं काय वाजवायचं ठरवलंय हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. त्यानं एक अख्खं लग्न वाजवलं.

आधी हलगी. हळदीच्या मांडवात बायकांची लगबग असते, ती. टिपरीनं कडेकडेला इतकं बारीक वाजवत होता की बांगड्या किणकिणल्यासारख्या वाटत होत्या. मग हलगीचा ठेका पायानं फळीवर तसाच चालू ठेवून हातांनी ढोलकी ओढली, आणि ढोलकीवर दोन विहिणींचं भांडण लावलं. शाईची बाजू वरमाई, दुसरी बाजू नवरीची आई. एक फणकारायची, दुसरी घुमायची. मानपानात काहीतरी कमी पडलं होतं. हॉलमध्ये हसू फुटलं. कापडवाल्या शेठजींच्या बाई तर पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांच्या घरी नुकतंच लग्न झालं होतं. भांडण ऐन रंगात असताना मामानं ढोलकी चाचांकडं सरकवली. चाचांनी ठेका उचलला, आणि एक मात्रा न सांडता मामा बेंजोवर गेला. ती करवल्या आणि तरणी पोरं. बेंजोच्या तारा खिदळत होत्या, टोमणे मारत होत्या, मांडवाच्या खांबाआडून बघत होत्या.

आणि मग पेटी. सगळा गलका थांबला आणि पेटीवर नवरीची पाठवणी सुरू झाली. भाता तो इतका हळू ओढत होता की सूर रीडमधून निघत नव्हता, आवंढ्यातून निघत होता. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. अध्यक्ष पुढं झुकले. मी खूप काही वाचलेलं आहे आणि थोडंफार ऐकलेलंही आहे. पुण्याला मोठमोठ्या नावांपुढं सतरंजीवर बसलेय. एका माणसाच्या दोन हातांत इतकी माणसं राहत असलेली मी पाहिली नव्हती. आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं, या सुरावर याला रडू आलं तर? रडलं की डोळ्यावर दाब येतो का? हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले आणि ऐकणं सोडून दिलं.

पेटी थांबली. मामानं कपाळाला हात लावून सलाम केला. टाळ्या अशा पडल्या की कौलांवरची कबुतरं उडाली. झालं, मी मनात म्हटलं. संपलं. सगळं हाताचं होतं.

"वा, वा!" अध्यक्ष उभे राहिले. "पण मास्तर, वरात राहिली की!"

"होय, वरात! वरात!" मागून आवाज आले.

ते खरंच होतं. हळद झाली, भांडण झालं, पाठवणी झाली, आणि नवरी अजून सासरी पोचली नव्हती. ही जागा मामानं मुद्दाम मोकळी ठेवली होती का, हे मी त्याला नंतर कधी विचारलं नाही. कदाचित त्यालाही नीट माहीत नसेल. लग्नात वरातीच्या जागी आजवर त्यानं एकच वाद्य वाजवलं होतं.

"ती तेवढी ऱ्हाऊ द्या साहेब," मामा म्हणाला. "क्लारनेट न्हाई आनलं."

"आणलंय!" अध्यक्षांनी विजयी चेहऱ्यानं चाचांकडं बघितलं. "आम्ही निरोपच दिला होता."

चाचांचा चेहरा पडला. क्लबाचा शिपाई दुकानात आला होता आणि एक क्लॅरिनेट मागून घेऊन गेला होता. ऑपरेशनचं चाचांना माहीत होतं, पण कुणीतरी दुसरा वाजवणार असेल असं ते समजले होते. आता ते क्लॅरिनेट मखमली कापडावर ठेवून मामाच्या पुढ्यात आलं. मामीच्या गळ्यातली किल्ली तिकडं डिंभ्याला नुसतीच लोंबत होती.

मी उभी राहिले. माझा आवाज मलाच परका वाटला. "त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. टाके आहेत. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केलीय."

"अहो मॅडम," अध्यक्ष हसून म्हणाले, "क्लॅरिनेट काही डोळ्यानं वाजवत नाहीत!"

हॉल हसला. मी हसले नाही तेव्हा त्यांनी पहिल्या रांगेकडं हात केला. "आपले डॉक्टर बसलेत ना इथं. काय हो डॉक्टर, एका गाण्यानं काय होतंय?"

"एका गाण्यानं काय होत नाही," डॉक्टर म्हणाले. ते जनावरांचे डॉक्टर होते.

मी मामाकडं बघितलं. त्यानं नुसतं नाही म्हणायचं होतं. इतकंच. पण तो ज्या खुर्चीत बसला होता त्या खुर्चीत बसून नाही म्हणायची सवय त्याला नव्हती. नाही म्हणायची सवय त्या खुर्चीत आधीपासून बसणाऱ्यांना होती. त्यानं क्लॅरिनेट उचललं. बटणांवरून अंगठा फिरवला.

"चाचा," तो म्हणाला, "उठ. तू फुक. बोटं माझी."

"काय?"

"तू फुकायचं, मी वाजवायचं. कोपर दाबलं की दम घे. पुना दाबलं की सोड."

"मास्तर, भोंग्याचं तोंड हाय हे. क्लारनेटच्या पत्तीवर नाय चालायचं."

"चालंल. व्हट आवळून धर. लई जोर नगं लावू."

चाचा उभे राहिले. मामा त्यांच्या पाठीमागं गेला. मामा उंच आणि काटकुळा, चाचांची टोपी त्याच्या हनुवटीला लागत होती. मामानं दोन्ही बाजूंनी हात पुढं घातले आणि क्लॅरिनेट चाचांच्या तोंडात दिलं. चाचांना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. त्यांनी ते शाळेतल्यासारखे मांड्यांना चिकटवून ठेवले. समोरून बघणाऱ्याला चार हातांचा, दोन डोक्यांचा, एका गॉगलचा माणूस दिसत होता.

पहिला आवाज आला तो शेळीचा. हॉल फुटला. गुलाबदाणीवाले गृहस्थ तर खुर्चीवरून घसरले. दुसरा आवाज आला तो कुणाचा होता ते सांगता येणार नाही. चाचा लालेलाल झाले होते. मामा त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटला. तिसऱ्यांदा सूर लागला. थरथरत, पण लागला. आणि तो लागताच मामाची बोटं पळायला लागली.

वरात निघाली. मी इतकी वर्षं मामाचं क्लॅरिनेट ऐकत आलेय, पण तो आवाज त्याचा नव्हता. तो चाचांच्या छातीचा होता, रुंद, जरा खरबरीत, आणि त्यावरून मामाची बोटं घसरत, वळत, गिरक्या घेत जात होती. दर ओळीला मामाचं कोपर चाचांच्या बरगडीत दाबलं जायचं आणि चाचा पाण्याबाहेर आलेल्या माणसासारखा दम घ्यायचे. लोक हसायचे थांबले होते. कुणीतरी टाळीवर ठेका धरला. मामा जागच्या जागी पावलं टाकत होता, वरातीपुढं चालतात तशी. मी गॉगलकडं बघत होते. गॉगल कोरडा होता. गाल कोरडा होता. पहिल्यांदाच मला वाटलं की हे होऊन जाईल.

वरात दाराशी आली की क्लॅरिनेट वर चढतं. ती शेवटची ओळ उंच असते. नवरी उंबऱ्यावर उभी आहे हे सगळ्या आळीला कळावं म्हणून. मामाची बोटं वर निघाली. चाचांनी ओठ आवळले, जोर लावला, आणि त्यांना खोकला आला.

कापसाच्या धुळीत आयुष्य गेलेल्या माणसाचा खोकला तो. एकदा सुरू झाला की झाला. क्लॅरिनेट तोंडातून निसटलं. चाचा दुमडले, गुडघ्यांवर हात टेकून खोकत राहिले. हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता. गाणं तुटलं होतं, दारातच.

मामा क्लॅरिनेट धरून उभा होता. मला त्याचा चेहरा दिसत होता आणि त्यावर काय चाललंय ते मला वाचता येत होतं. मी ओरडले, "मामा, नको!"

त्यानं फुंकलं.

एकच ओळ. त्यानं ती हळू वाजवली. जितकी हळू वाजवता येते तितकी. पण हळू वाजवायलाही उंच सुराला दाब लागतो, आणि त्याच्या मानेवरची शीर बोटाएवढी फुगलेली मी पाहिली. कानशिलावरची दुसरी. फेट्याच्या काठाखालून तिसरी. तो सूर फार सुंदर होता असं नंतर सगळे म्हणाले. मला तो आठवत नाही. मला गॉगलच्या काचेखालून गालावर उतरलेली पाण्याची ओळ आठवते. ती चमकत होती. अश्रू होते का दुसरं काही, ते मला कळत नव्हतं.

मी व्यासपीठावर चढले. "चल. लगेच."

"आगं, संपल्यावर—"

"संपलं!"

संपलं नव्हतं. आभारप्रदर्शन राहिलं होतं. सूत्रसंचालकांनी माईक हातात घेतला होता आणि मंडपवाल्यांपासून सुरुवात केली होती. त्यांच्यामागून आम्हाला उतरता येईना, कारण पायऱ्यांवर गुलाबदाणीवाले आणि फेटेवाला, ज्यांचे आभार मानले जाणार होते ते, ओळीनं उभे होते. मी मामाचा दंड धरला होता.

"दुखतंय का?"

"दुखत न्हाई." मग थोड्या वेळानं, फक्त मला ऐकू येईल असं, "पर हालीत धूर झालाय का गं?"

धूर नव्हता. उदबत्त्या केव्हाच विझल्या होत्या.

मी लोकांना ढकलून वाट काढली. कुणाचा तरी सत्काराचा नारळ खाली पडला. बाहेर चाचांचा टेम्पो उभा होता, कुणा गिऱ्हाइकाच्या गाद्या भरलेला. चाचा अजून खोकत होते, पण त्यांनी फळका पाडला, चार गाद्या एकावर एक टाकल्या, वर उशा लावल्या आणि आम्ही मामाला त्यावर अर्धवट बसता केला. गचके बसू नयेत म्हणून. नारायणगावपर्यंत चाचांनी टेम्पो असा चालवला की मागून आलेल्या उसाच्या बैलगाडीवाल्यानं घंटा वाजवून वाट मागितली. मी मामाच्या समोर बसून त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. बाहेर अजून उजेड होता. मी त्याला सारखी विचारत होते, "डोंगर दिसतोय का? तो बोर्ड दिसतोय का?" आणि तो म्हणत होता, "दिसतंय, दिसतंय," पण मान तिकडं वळवत नव्हता.

डॉक्टर घरीच होते. त्यांनी डोळा बघितला आणि कुणालाच काही विचारलं नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "एक टाका सुटला होता. बुबुळाचा काठ जखमेत येऊन अडकलाय. आत ढकलून पुन्हा टाका घातलाय. किती दिसेल ते पट्टी काढल्यावर कळेल. दिसेलच असं सांगत नाही."

चाचा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी खोकलो म्हणून," ते म्हणाले. मग पुन्हा खोकले.

पट्टी काढायच्या दिवशी मामी आली. वाटेत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. रागानं नाही, बोलायला तोंड उघडलं तर काय निघेल याची तिला भीती असावी. मलाही तीच होती. डॉक्टरांनी मामाला खुर्चीत बसवलं, कापूस सोडवला आणि पापणी हळूच उघडली. बाहुली गोल राहिली नव्हती. थेंबासारखी लांबट होऊन एका बाजूला ओढली गेली होती.

"किती बोटं?"

मामा काही बोलेना. डॉक्टरांनी हात जवळ आणला. मामा तरी बोलेना. खोलीत पंख्याचा आवाज होता तेवढाच. मला वाटलं, आता त्याला रोज हाताला धरून कोण नेणार, आणि असला हिशेब सुचला म्हणून स्वतःचाच राग आला.

मामीनं डॉक्टरांना बाजूला सारलं आणि स्वतः पुढं उभी राहिली.

"आवं, माझ्याकडं बघा. काय दिसतंय?"

"तू."

"त्ये आवाजावरनं बी कळतंय. म्या काय नेसले?"

मामानं मान जराशी तिरकी केली, कोंबडं बघतं तशी. वेळ लावला. मग म्हणाला, "हिरवं पातळ. खांद्याव रफू केल्यालं."

मामीनं पदर ओढून खांदा झाकला आणि मग तिथंच, डॉक्टरांच्या टेबलाचा पाय धरून, फरशीवर बसली.

डॉक्टरांनी पुढं पाटीवरची अक्षरं वाचून घेतली. खालच्या दोन ओळी जमल्या नाहीत, बाकीच्या जमल्या. उजेड त्याला पुढं कायम टोचायचा आणि दिव्याभोवती त्याला कडं दिसायचं, पण तो त्या डोळ्यावर बरीच वर्षं जगला. त्या दिवशी मात्र डॉक्टरांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि शेवटी विचारलं, "परत फुंकाल?"

"चाचाचा खोकला बरा झाला तर मी कशाला फुकंन?" मामा म्हणाला.

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मामीला तर मुळीच नाही. ती फरशीवरून मामाच्या तोंडाकडं बघत होती. त्याच्या बोलण्यात थट्टा किती आणि खरं किती, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिनं बांधावरचा अडुळसा तोडून आणला. पानं कुटली, आलं आणि गूळ घातला आणि चुलीवर आटत ठेवला. दोन बाटल्या भरल्या, बुचांवर फडकं बांधलं आणि त्या कडेवर घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिली. जुन्नरची गाडी यायची तेव्हा यायची. आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी तिच्यासोबत होते.

तिनं बाटल्या ड्रायव्हरच्या हातात दिल्या आणि गाद्यांच्या दुकानाची खूण सांगितली.

"सांडंल की मावशे," ड्रायव्हर म्हणाला. "येवढा कुनाला खोकला झालाय?"

"आमच्या मालकांच्या डोळ्याला," मामी म्हणाली.

ड्रायव्हरनं एकदा बाटल्यांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग काही न विचारता त्या सीटच्या मागं, हलणार नाहीत अशा, उभ्या करून ठेवल्या.